हरित दफन : मातीकडे नेणारी जुनी ख्रिस्ती वाट

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण आपापल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत एकत्र जमतो. कबरी झाडून स्वच्छ केल्या जातात, मेणबत्त्या लागतात, फुले वाहिली जातात आणि धर्मगुरू एकेका ओळीतून फिरत पवित्र पाणी शिंपडतात. त्या संध्याकाळी दोन गोष्टी नजरेतून सुटत नाहीत. माणसे वाढली, परंतु दफनभूमीची जागा पूर्वी होती तेवढीच राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात जो ढीग साचतो, त्यात खऱ्या फुलांपेक्षा प्लास्टिकची फुले, चमकीचे कागद आणि थर्माकोल अधिक असते.

मृतांना सन्मानाने मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांमध्ये गणलेले आहे. हे कृत्य करताना आपण मातीला, पाण्याला आणि पुढच्या पिढीला इजा करीत आहोत काय, असा प्रश्न आज जगभरातील श्रद्धावंत विचारू लागले आहेत. या प्रश्नातून 'हरित दफन' ही संकल्पना पुढे आली. तिच्याविषयी आपल्या वाचकांच्या मनात कुतूहल आहे, तशाच शंकाही आहेत. म्हणून या लेखात आम्ही तिची एकत्रित माहिती देत आहोत.

हरित दफन म्हणजे काय?

मृतदेह शक्य तितक्या लवकर आणि पूर्णपणे मातीत मिसळून जावा, आणि त्याच्यासोबत न कुजणारी कोणतीही वस्तू मातीत जाऊ नये, अशा रीतीने केलेले दफन म्हणजे हरित दफन होय. त्याची चार लक्षणे सांगता येतील.

१. मृतदेहात तो टिकवून ठेवणारी रसायने भरली जात नाहीत.
२. मृतदेह सुती, तागाच्या वा अन्य नैसर्गिक कापडात गुंडाळला जातो. पेटी वापरलीच तर ती साध्या लाकडाची, बांबूची वा वेताची असते.
३. कबरीच्या आत सिमेंट-काँक्रीटचा हौद बांधला जात नाही. शरीराचा मातीशी थेट संपर्क राहतो.
४. कबरीवर संगमरवर वा ग्रॅनाइटचे जड बांधकाम न करता साधा क्रूस, लहान नामफलक किंवा झाडझुडूप असते.

ही लक्षणे वाचून अनेकांना वाटेल की यात नवे ते काय? ही शंका अगदी रास्त आहे. आपल्या गावांतील मुस्लिम बांधव आजही आपल्या मृतांना कफनात गुंडाळून, पेटीविना मातीच्या स्वाधीन करतात. यहुदी परंपरेतही साधे कफन आणि मातीशी जवळीक यांना फार महत्त्व आहे. ख्रिस्ती परंपरेचा उगमही तेथूनच झालेला आहे.

पवित्र शास्त्र आणि परंपरा

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मनुष्याला जमिनीतील मातीपासून घडवतो, आणि पतनानंतर त्याच मातीत त्याला परत जायचे आहे असे सांगतो. राखेच्या बुधवारी धर्मगुरू आपल्या कपाळावर राख लावतात तेव्हा याच सत्याची आठवण देतात. तोबितचे पुस्तक तर मृतांना पुरण्याच्या सत्कृत्याची थोरवीच गाते. आपल्या बांधवांचे बेवारस मृतदेह पुरण्यासाठी तोबित राजाचा रोष पत्करतो.

प्रभू येशूचे दफन कसे झाले, हे चारही शुभवर्तमानकारांनी नोंदवून ठेवले आहे. अरिमथाईच्या योसेफाने पिलाताकडे शरीर मागितले. निकदेमाने सुगंधी द्रव्ये आणली. दोघांनी ते शरीर तागाच्या वस्त्रात गुंडाळले आणि बागेतील एका नव्या कबरेत ठेवले. त्यात पेटीचा उल्लेख नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृत देहाला पेरलेल्या बीजाची उपमा दिली आहे. बीज मातीत पडते, दिसेनासे होते आणि नव्या रूपाने उगवते. शेतीवर जगलेल्या आपल्या पूर्वजांना ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

मध्ययुगीन युरोपात सामान्य माणसाला स्वतःची शवपेटी परवडत नसे. कित्येक धर्मग्रामांची एक सामाईक पेटी असे. तिच्यातून मृतदेह दफनभूमीपर्यंत नेला जाई, तेथे कफनातील देह बाहेर काढून कबरीत ठेवला जाई आणि पेटी पुढच्या मृतासाठी परत येई. ट्रॅपिस्ट आणि कार्थुसियन मठवासी आजही आपल्या बंधूंना मठाच्या वस्त्रात, पेटीविना मातीत ठेवतात. कार्थुसियन कबरीवरील लाकडी क्रूसावर तर नावही नसते. ज्यांनी सृष्टीतील प्रत्येक घटकाला भाऊ-बहीण म्हटले त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२६ साली आपला अंतकाळ जवळ येताच स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवण्याची विनंती केली होती.

आपल्या काळातील पोपमहोदयांनीही हीच दिशा दाखवली आहे. पोप सहावे पॉल यांनी आपल्या मृत्युपत्रात खऱ्याखुऱ्या मातीत, साध्या खुणेनिशी दफन व्हावे अशी इच्छा लिहून ठेवली होती, आणि १९७८ साली त्यांचे दफन तसेच झाले. २००५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनाही त्यांच्या इच्छेनुसार जमिनीतच ठेवण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली पोपच्या अंत्यविधीचा क्रम सुटसुटीत केला आणि एकात एक अशा तीन पेट्यांची जुनी प्रथा बंद केली. २६ एप्रिल २०२५ रोजी रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात त्यांचे दफन झाले. कबर जमिनीत असावी, साधी असावी, विशेष सजावट नसावी आणि तिच्यावर केवळ त्यांचे लॅटिन नाव असावे, असे त्यांनी २०२२ सालीच लिहून ठेवले होते. त्यांच्या लाकडी पेटीला आतून जस्ताचा पत्रा होता, तेव्हा त्या दफनाला काटेकोर अर्थाने हरित दफन म्हणता येणार नाही. मात्र मृत्यूनंतर मोठेपणा मिरवू नये, हा त्यातील बोध स्पष्ट आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९१७ च्या विधिसंहितेने दहनाला मनाई केली होती. ५ जुलै १९६३ रोजी रोमहून प्रसिद्ध झालेल्या सूचनेने ती मनाई शिथिल केली. १९८३ च्या विद्यमान विधिसंहितेचा ११७६ वा नियम सांगतो की मृतदेह पुरण्याची पुण्यप्रद रूढी जपावी अशी ख्रिस्तसभेची कळकळीची शिफारस आहे. दहनाला मनाई नाही, मात्र ते ख्रिस्ती श्रद्धेविरुद्धच्या हेतूने निवडलेले नसावे. १२४० व्या नियमानुसार शक्य तेथे ख्रिस्तसभेची स्वतःची दफनभूमी असावी आणि ते शक्य नसेल तेथे प्रत्येक कबर आशीर्वादित करावी.

२०१६ साली श्रद्धाविषयक व्हॅटिकन मंडळाने एक सविस्तर सूचना प्रसिद्ध केली. दफनाला प्राधान्य का, याचे उत्तर तीत आहे. बाप्तिस्म्याने हे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर झाले आहे आणि त्याच शरीराच्या पुनरुत्थानाची आपण आशा धरतो. म्हणून दहन केले तरी अस्थी पवित्र ठिकाणीच ठेवाव्यात. त्या वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नयेत आणि दागिन्यांत घडवू नयेत, असे तीत म्हटले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये याच विषयावर आणखी एक स्पष्टीकरण आले. अनेकांच्या अस्थी एका सामाईक पवित्र स्थळी, प्रत्येकाच्या नावाची नोंद राखून, एकत्र ठेवता येतील असे त्यात सांगितले आहे.

या सर्व नियमांत शवपेटीची सक्ती कोठेही नाही. रासायनिक लेपनाची, सिमेंटच्या कबरीची वा संगमरवरी फरशीची तर नाहीच नाही. ख्रिस्तसभेला हवे आहेत ते ख्रिस्तयाग, प्रार्थना, पवित्र भूमी आणि शरीराचा आदर. हरित दफनात हे सर्व अबाधित राहते. त्यात २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लौदातो सी' या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामाईक घर म्हणून जपण्याचे आवाहन केले. ते आवाहन दफनभूमीच्या फाटकाशी संपते असे मानण्याचे काही कारण नाही.

आधुनिक चळवळीचा आरंभ

आज 'हरित दफन' नावाने जे ओळखले जाते, त्याची सुरुवात १९९३ साली इंग्लंडमधील कार्लाइल शहराच्या सार्वजनिक दफनभूमीत झाली. तेथील व्यवस्थापक केन वेस्ट यांनी दफनासाठी एक भाग राखून ठेवला आणि कबरीवर दगडाऐवजी झाड लावण्याची सोय केली. १९९८ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात डॉ. बिली कॅम्पबेल यांनी रॅमसे क्रीक येथे वनसंरक्षण आणि दफन यांची सांगड घातली.

अमेरिकेत या चळवळीला विशेष अर्थ होता, कारण तेथे १८६० च्या दशकातील यादवी युद्धापासून मृतदेहात रसायने भरण्याची प्रथा रुजली होती. या रसायनांतील प्रमुख फॉर्माल्डिहाइड होय. ते मानवात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली काढला. त्याचा धोका सर्वाधिक पोहोचतो तो रोज हे काम करणाऱ्या कामगारांना.

कॅथॉलिक मठांनीही या कार्यात भाग घेतला. जॉर्जिया राज्यातील कॉनयर्स येथील ट्रॅपिस्ट मठाच्या वनजमिनीत २००८ पासून नैसर्गिक दफने होत आहेत. आयोवा राज्यातील न्यू मेलरे मठाचे ट्रॅपिस्ट बंधू आपल्या मठाच्या जंगलातील लाकडापासून साध्या शवपेट्या बनवतात. लुइझियानातील सेंट जोसेफ मठाच्या बेनेडिक्टाइन बंधूंना अशा साध्या पेट्या विकण्यास राज्याच्या नियमांनी अडवले, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि २०१३ साली अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. साधी पेटी विकण्यासाठी मठवासीयांना न्यायालयाची पायरी चढावी लागावी, यावरून मृत्यूभोवती केवढा मोठा व्यापार उभा राहू शकतो याची कल्पना यावी.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्याकडे रासायनिक लेपन हा नित्याचा प्रकार नाही. मृतदेह विमानाने आणायचा वा न्यायचा असेल तेव्हाच ते सहसा केले जाते. आखाती देशांत नोकरीस असलेल्या आपल्या बांधवांचे मृतदेह अशा प्रकारे येतात. तेथे नियमांना पर्याय नाही आणि त्या कुटुंबांनी मनाला बोचणी लावून घेण्याचेही कारण नाही.

आपल्यापुढील प्रश्न वेगळा आहे. मुंबई, वसई आणि गोव्यातील बहुतेक दफनभूमींत एकाच कबरीचा काही वर्षांनी पुन्हा उपयोग करावा लागतो. जुन्या अस्थी आदराने काढून अस्थिकोशात वा कोनाड्यात ठेवल्या जातात आणि त्याच जागी दुसऱ्या मृताला स्थान मिळते. ही पद्धत शहाणपणाची आहे, पण तिची एक अट आहे : ठरलेल्या काळात शरीर मातीत मिसळलेले असले पाहिजे.

ती अट आता पूर्वीसारखी सहज पाळली जात नाही. कबर खणणाऱ्या बांधवांशी बोलल्यावर याचे कारण कळते. फावड्याला आधी लागते ते प्लास्टिक. पॉलिस्टरचा सूट जसाच्या तसा निघतो. नायलॉनची साडी, रबरी तळव्यांचे बूट, पेटीचे सनमायका लावलेले तुकडे, कृत्रिम साटीनचे अस्तर, प्लास्टिकच्या मण्यांची जपमाळ, सगळे तेथेच असते. कृत्रिम धाग्याचे कापड मातीत अनेक दशके टिकते. प्लास्टिकच्या आवरणामुळे हवा पोहोचत नाही आणि ओल आतच कोंडली जाते. चिकण, पाणथळ मातीत तर अशा वेळी शरीरातील चरबीचे मेणासारख्या पदार्थात रूपांतर होते आणि कुजण्याची क्रिया वर्षानुवर्षे रेंगाळते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत मृतदेह गळतीरोधक प्लास्टिक पिशव्यांत पुरावे लागले. त्या कबरी उघडण्यापूर्वी अधिक काळ थांबणे इष्ट होय.

कबर उघडल्यावर आपल्या माणसाचे अर्धवट राहिलेले शरीर पाहण्याचा प्रसंग ज्या कुटुंबावर आला, त्याचे दुःख दुसऱ्यांदा ताजे होते. आपण महागडी पेटी आणि झुळझुळीत वस्त्रे प्रेमापोटीच निवडतो, परंतु त्या प्रेमाचा परिणाम नेमका उलटा होतो.

पर्यावरणाचा हिशेबही लहान नाही. पेटीसाठी झाड तोडले जाते आणि ते काही वर्षांत मातीखाली जाते. स्वस्त पेट्यांच्या प्लायवूडमध्ये फॉर्माल्डिहाइडयुक्त गोंद असतो, वर पॉलिशचा थर असतो. कबरीच्या बांधकामात सिमेंट जाते. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू सिमेंट उत्पादनातून निघतो. एका कबरीचा वाटा अल्प असला तरी पक्के बांधकाम ती जागा कायमची अडवून ठेवते. जागा कमी पडली की त्याची झळ प्रथम बसते ती ज्यांच्या नावावर कबर नाही त्या गरिबांना.

वसईकरांना 'हरित' हा शब्द नवा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने येथील माती आणि पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. त्याच वसई धर्मप्रांतातील काही धर्मग्रामांनी अलीकडच्या काळात शवपेटीविना, कापडात गुंडाळून दफन करण्याची पद्धत स्वीकारली, ही समाधानाची बाब आहे.

हरित दफन कसे करावे?

वस्त्र : मृताला सुती कपडे घालावेत. सुती सदरा व धोतर, सुती साडी, आजीने जपून ठेवलेले सुती लुगडे याहून अधिक शोभेल असे वस्त्र कोणते? बूट, पट्टा, प्लास्टिकची बटणे व दागिने काढून ठेवावेत. हातात लाकडी मण्यांची जपमाळ द्यावी. शरीरात पेसमेकर असल्यास डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा, कारण त्यात बॅटरी असते.

कफन : खादीचे वा हातमागाचे पांढरे कापड घ्यावे. पांढरे वस्त्र बाप्तिस्म्याच्या शुभ्र वस्त्राची आठवण देते. कापड सुती पट्ट्यांनी बांधावे.

चर्चपर्यंतचा प्रवास : धर्मग्रामाने एक चांगली, स्वच्छ, सामाईक पेटी ठेवावी. मृतदेह त्या पेटीतून घरून चर्चमध्ये आणि चर्चमधून दफनभूमीत न्यावा. ख्रिस्तयाग, पवित्र पाण्याचे शिंपण, धूप हे सर्व विधी नेहमीप्रमाणे होतात. पेटीवर पांढरे आच्छादन घातले की श्रीमंत-गरीब हा भेद आपोआप मिटतो.

कबरीत ठेवणे : कफनातील देहाखाली बांबूची चौकट किंवा फळी ठेवावी आणि काथ्याच्या वा सुती दोरांनी ती सावकाश खाली सोडावी. या कामी सहा जण लागतात. त्यांनी आधी एकदा सराव केलेला असावा. ऐन वेळी गोंधळ झाला तर तो कुटुंबाला आयुष्यभर सलतो. फळी नको असल्यास दोन जणांनी कबरीत उतरून देह हातांवर घ्यावा.

खोली : वरच्या थरातील मातीत हवा व जिवाणू अधिक असतात. म्हणून हरित दफनासाठी साधारण साडेतीन ते चार फूट खोली योग्य मानतात. तथापि दफनभूमीचे व स्थानिक संस्थेचे नियम असतील ते पाळावेत. मातीत वाळलेला पालापाचोळा मिसळल्यास ती भुसभुशीत राहते.

खूण : लाकडी क्रूस व लहान नामफलक पुरे. जेथे कबर पुन्हा वापरायची आहे तेथे तिच्यावर मोठे झाड लावू नये, मुळे अडचण करतात. कबरीवर लहान फुलझाड आणि कुंपणालगत बकुळ, सोनचाफा, तामण यांसारखे वृक्ष अशी योजना बरी. कबरीचा क्रमांक, नाव व तारीख धर्मग्रामाच्या नोंदवहीत आणि नकाशात अचूक लिहिली पाहिजे. दगड नसला तरी चालेल, नोंद मात्र हवीच.

फुले : आपल्या वाडीतील मोगरा, झेंडू, चाफा आणावा. प्लास्टिकची फुले, थर्माकोलचे पुष्पचक्र व सेलोफेन फाटकाबाहेरच राहू द्यावे.

पाणी आणि आरोग्य

किनारपट्टीच्या गावांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वसईत विहिरी आणि बावखले यांवर वाड्या उभ्या आहेत आणि पावसाळ्यात जमिनीतील पाणी बरेच वर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९९८ साली दफनभूमींविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दफन किमान २५० मीटर, अन्य झरा वा ओहोळापासून किमान ३० मीटर दूर असावे आणि कबरीचा तळ भूजलाच्या सर्वोच्च पातळीपेक्षा किमान १ मीटर वर असावा, असे त्यात सुचवले आहे. दाट वस्तीत यांतील प्रत्येक अंतर राखता येईलच असे नाही. परंतु नवी दफनभूमी आखताना आणि जुनीतील पाणथळ कोपरा वगळताना धर्मग्राम परिषदेने हे आकडे समोर ठेवावेत. दफन कमी खोलीचे असले तर कबरीचा तळ पाण्यापासून वर राहतो, हा हरित दफनाचा एक लाभच आहे.

काही शंका

'फादर, पेटीशिवाय पुरले तर लोक म्हणतील, मुलांनी पैसे वाचवले.' ही शंका आम्ही अनेकदा ऐकली आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. दुःखात बुडालेल्या मुलांना लोकनिंदेचे भय असते, आणि त्या भयापोटी कर्ज काढून पेटी आणणारी कुटुंबेही आम्ही पाहिली आहेत. यावर उपाय एकच : निर्णय मुलांवर सोडू नये. आईवडिलांनी स्वतः तो जिवंतपणी सांगून ठेवावा. तसेच धर्मग्रामातील सुस्थितीतील घरांनी, पुढाऱ्यांनी आणि आम्हा धर्मगुरूंनी ही पद्धत आधी स्वीकारावी. ती केवळ गरिबांची म्हणून ओळखली गेली तर तिचा हेतूच हरपेल.

'पेटी नसेल तर मृताचा अपमान होत नाही काय?' प्रभूला ज्या रीतीने कबरेत ठेवले गेले, त्या रीतीत अपमान कसा असेल?

'परदेशातील मुलगा येईपर्यंत काय करावे?' रसायनांची गरज नाही. शवागारात वा शीतपेटीत देह काही दिवस ठेवता येतो.

'दहन अधिक पर्यावरणस्नेही नाही काय?' दहनाने जागा वाचते हे खरे. महानगरांत काही कुटुंबे त्यामुळेच तो मार्ग घेतात आणि ख्रिस्तसभा त्यांना अडवीत नाही. परंतु लाकडाच्या चितेला कित्येक शे किलो लाकूड लागते. विद्युत वा गॅसदाहिनीलाही इंधन लागतेच. हरित दफनाला लागते ती माती आणि चार माणसांचे श्रम.

'पाण्यात विरघळवण्याची नवी पद्धत ऐकली आहे, ती चालेल काय?' अल्कधर्मी द्रावणात देह विरघळवण्याच्या या पद्धतीने अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या देहाचे विसर्जन झाले. अमेरिकेतील काही राज्यांत देहाचे खत करण्यासही कायद्याने मुभा आहे. वॉशिंग्टन राज्याने असा कायदा २०१९ साली प्रथम केला. मात्र अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांच्या तत्त्वविषयक समितीने मार्च २०२३ मध्ये या दोन्ही पद्धती देहाला द्यावयाच्या आदराच्या कसोटीस उतरत नाहीत असे म्हटले आहे. हरित दफनात देह एका पवित्र ठिकाणी, नावानिशी विसावतो, तेथे प्रार्थना करता येते. हा फरक लक्षात ठेवावा.

'आपल्या वाडीत झाडाखाली दफन करता येईल काय?' नाही. दफन मान्यताप्राप्त दफनभूमीतच व्हावे लागते. मृत्यूची नोंदही १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत करणे आवश्यक आहे. साथीच्या रोगाने मृत्यू झाला असल्यास आरोग्य अधिकाऱ्यांच्या सूचना सर्वप्रथम पाळाव्यात.

आपली इच्छा लिहून ठेवा

मृत्यूच्या घरी निर्णय दोन-तीन तासांत घ्यावे लागतात. त्या घाईत जे समोर येते तेच निवडले जाते. म्हणून आम्ही वाचकांना सुचवू इच्छितो की पुढील मजकूर आपल्या हाताने कागदावर उतरवावा, सही करावी, घरच्यांना वाचून दाखवावा आणि एक प्रत आपल्या प्रमुख धर्मगुरूंकडे द्यावी. बँकेच्या लॉकरमध्ये मात्र तो ठेवू नये. लॉकर उघडेपर्यंत दफन होऊन गेलेले असते.

'माझ्या मृत्यूनंतर माझ्यासाठी ख्रिस्तयाग अर्पण करावा आणि माझे दफन माझ्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत करावे. मला सुती वस्त्रे घालून सुती कफनात, पेटीविना मातीत ठेवावे. माझ्या कबरीवर पक्के बांधकाम करू नये. साधा क्रूस व माझे नाव पुरे. फुलांवर खर्च करू नये. जी रक्कम वाचेल ती गरजूंना द्यावी. हा निर्णय माझा आहे. याबद्दल माझ्या मुलांना कोणी दोष देऊ नये.'

शेवटची दोन वाक्ये कोणीही गाळू नयेत, अशी आमची विनंती आहे. आईवडिलांनी लिहिलेल्या त्या दोन ओळींमुळे मुलांच्या डोक्यावरचे फार मोठे ओझे उतरते.

प्रत्येक धर्मग्राम परिषदेने येत्या मृतस्मरण महिन्यापूर्वी एक बैठक घेऊन तीन गोष्टी ठरवाव्यात : सामाईक पेटी घेणे, दफनभूमीत प्लास्टिक व कृत्रिम वस्त्रांना मनाई करणे, आणि कबरींची नोंदवही अद्ययावत करणे. यांतील कशालाही मोठा निधी लागत नाही. आपल्या पूर्वजांनी ही माती आपल्या हाती सुपीक आणि स्वच्छ दिली. तिच्यातच ते आज पुनरुत्थानाची वाट पाहत विसावले आहेत. आपल्यानंतर येणाऱ्यांनाही त्यांच्या शेजारी जागा मिळावी, एवढे तरी आपण त्यांच्यासाठी राखून ठेवू या.